सांदण : स्थळ, वाट आणि शब्द

१. विषयप्रवेश

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, म्हटला की अवर्षणाचे माळ, खुरटी झुडपे आणि वर्षाचे आठ महिने कोरडी पडलेली ओढ्यांची पात्रे यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. जिल्ह्याच्या बहुतांश भागापुरते हे चित्र खरे आहे. नगर शहराच्या आसपास वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. परंतु याच जिल्ह्याचे पश्चिम टोक सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेले असून तेथील घाटघर आणि रतनवाडी या गावांच्या परिसरात पावसाचे मान काही हजार मिलिमीटरांवर जाते. एकाच जिल्ह्याच्या सीमेत इतकी तफावत क्वचितच आढळते.

पाणी खडकाला कसे कोरते याचे दोन उत्कृष्ट नमुने या जिल्ह्याच्या दोन निरनिराळ्या भागांत आहेत. पहिला पारनेर तालुक्यात निघोजजवळ, कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांचा. दुसरा अकोले तालुक्यात साम्रद या गावाजवळील सांदणीचा. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा नमुना हा आहे. भूगोलाच्या परिभाषेत ज्याला ‘स्लॉट कॅनियन’ म्हणतात, म्हणजे रुंदीच्या मानाने खोली कितीतरी पट अधिक असलेली, उभ्या भिंतींमधील चिंचोळी भेग, तिचे सह्याद्रीतील हे ठळक उदाहरण होय. अलीकडच्या काही दशकांत डोंगरयात्रा करणाऱ्यांची तेथे रीघ लागली असून बोलण्यात, फलकांवर आणि छापील पत्रकांत ‘सांदण दरी’ व ‘सांदण व्हॅली’ ही नावे रूढ झाली आहेत.

येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न वरवर पाहता लहान आहे. ज्या स्थळाला ‘सांदण’ हे नाव पुरेसे होते त्याला ‘दरी’ हे पुच्छ कशासाठी जोडावे लागले, आणि ते जोडल्याने अर्थाची काही हानी होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना स्थळाचे रूप, तेथील वाट आणि शब्दाची घडण या तिहींचा एकत्र विचार करावा लागतो, व तो केला असता असे दिसून येते की ही हानी केवळ शब्दकोशापुरती मर्यादित नाही.

२. स्थळाचे रूप

भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता घाटघरकडून साम्रदला पोहोचतो. गावाभोवती उत्तरेस अलंग, मदन व कुलंग ही दुर्गत्रयी, दुसऱ्या अंगास रतनगड, आणि दूरवर १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर. हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे.

साम्रदचे स्थान जलविभाजकाच्या अगदी लगत आहे. गावाच्या पूर्वेस पडलेले पाणी प्रवरेला मिळते, प्रवरेतून गोदावरीत जाते आणि अखेर बंगालच्या उपसागरास पोहोचते. गावाच्या पश्चिमेस पडलेले पाणी मात्र कड्यावरून थेट कोकणात उतरते व अरबी समुद्राची वाट धरते. सांदण ही या दुसऱ्या पाण्याची वाट होय.

गावातून निघालेली पायवाट काही काळ सपाटीवरून, शेतांच्या बांधांवरून आणि विरळ झाडीतून जाते. पुढे काही विलक्षण असेल अशी कोणतीही खूण या सपाटीवर नाही. डोंगर दुरून दिसतो, दरी काठावरून दिसते. सांदण मात्र तिच्या तोंडाशी येईपर्यंत दिसत नाही. झाडीतून थोडे उतरताच दोन्ही बाजूंच्या कातळभिंती एकाएकी उंच होतात आणि आकाशाची एक अरुंद पट्टी तेवढी उरते. भिंतींची उंची दोनशे फुटांच्या घरात व काही ठिकाणी त्याहून अधिक आहे. रुंदी मात्र कोठे दहापंधरा फूट, तर कोठे हात पसरले असता दोन्ही भिंतींना टेकतील इतकीच. मोजणी कोठून कोठवर धरावी यावर लांबीचा आकडा अवलंबून राहतो. भिंती खऱ्या अर्थाने जवळ असलेला भाग एक-दोन किलोमीटरांचा आहे. तळाशी ऊन पोहोचते ते मध्याह्नाच्या सुमारास, व तेही थोडाच वेळ.

३. खडक आणि पाणी

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हे पठार तयार झाले. थर आडवे असले तरी लाव्हा थिजताना आकुंचन पावतो व त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे भूकवचावर पडणाऱ्या ताणांनी काही भेगा अनेक थर भेदून लांबवर जातात. पठाराच्या काठावर अशी भेग असली की पाण्याला आयतीच दिशा मिळते. पाणी भेगेत शिरते, तिच्या कडा झिजविते, सुटलेले दगड वाहून नेते आणि भेग खाली खाली खोल होत जाते. बेसाल्ट कठीण असल्यामुळे भिंती ढासळून उतार बनण्यापूर्वीच तळ खोलावतो. परिणामी रुंदी वाढत नाही, खोली मात्र वाढत राहते.

निघोजच्या रांजणखळग्यांशी याची तुलना उद्‌बोधक ठरेल. तेथेही खडक बेसाल्टच व कोरणारे पाणीच. परंतु कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहून खडकाला घासतात आणि त्यातून गोल, गुळगुळीत, रांजणाच्या आकाराचे खळगे घडतात. निघोजला पाणी फिरते; सांदणीत ते धावते. पहिल्या ठिकाणी आकृती गोलाईची, दुसऱ्या ठिकाणी रेषेची. लोकांनी दिलेली दोन्ही नावे हा भेद अचूक टिपतात, हे पुढे दिसून येईल.

सांदणीच्या तळाशी माती जवळजवळ नाही. भिंतींपासून निखळलेले धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले असून काही दोन भिंतींच्या मध्ये अडकून राहिले आहेत. प्रत्येक पावसाळ्यातील लोंढा यांपैकी काहींना हलवितो. म्हणून एका वर्षीची पाऊलवाट पुढील वर्षी तशीच राहील असे मानता येत नाही.

४. शब्दाची घडण

‘सांदण’ हा शब्द लिहिताना ‘सांदण’ व ‘सांधण’ अशी दोन रूपे आढळतात. त्यांपैकी एक शुद्ध व दुसरे अशुद्ध असे समजण्याचे कारण नाही. दोहोंच्या मुळाशी संस्कृत ‘संधि’ शब्द असावा, असे मानणे सयुक्तिक दिसते. त्यापासून मराठीत ‘सांधा’ व ‘सांधणे’ हे महाप्राण टिकवून ठेवणारे शब्द आले. ‘सांद’, ‘सांदी’ व ‘सांदीकोपरा’ हे महाप्राण गमावलेले शब्दही आले. मराठीत शब्दाच्या मध्यात व अंती असलेला महाप्राण लोप पावण्याची प्रवृत्ती सुविदित आहे. ‘हस्त’पासून प्राकृत ‘हत्थ’ व त्यापासून हिंदीत ‘हाथ’, परंतु मराठीत ‘हात’. ‘भिक्षा’पासून हिंदीत ‘भीख’, मराठीत ‘भीक’. अनुनासिकानंतरच्या घोष महाप्राणाचे जवळचे उदाहरण ‘संध्या’ हे होय : प्राकृत ‘संझा’, हिंदी ‘साँझ’, मराठी ‘सांज’. ही प्रवृत्ती सार्वत्रिक नाही, हेही नमूद केले पाहिजे. ‘वंध्या’पासून आलेल्या ‘वांझ’मध्ये महाप्राण कायम आहे. म्हणूनच ‘सांध’ व ‘सांद’ अशी जोडरूपे शेजारी शेजारी नांदताना दिसली तर आश्चर्य वाटू नये.

अंत्य ‘ण’चा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘चढणे’वरून ‘चढण’, ‘उतरणे’वरून ‘उतरण’, ‘घसरणे’वरून ‘घसरण’ ही धातुसाधित नामे मराठीच्या नित्य परिचयाची आहेत. ती स्त्रीलिंगी असून त्यांपैकी पहिली दोन वाटेच्या वर्णनातच विशेषेकरून येतात. ‘सांदण’ हा शब्द स्थलवाचक अर्थाने सामान्यतः स्त्रीलिंगीच वापरला जातो. तेव्हा तो या गणात बसतो, असे म्हणावयास हरकत नाही. कोकणात तांदळाचा रवा व फणसाचा रस यांपासून वाफवून करतात त्या ‘सांदणा’शी त्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा. तो शब्द नपुंसकलिंगी आहे व त्याची घडण निराळी शोधली पाहिजे. उच्चारातील साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

अर्थाच्या दृष्टीने एक अडचण उरते. सांधा म्हणजे जोड. मग दोन कातळांना विभक्त करणाऱ्या भेगेला जोडाचे नाव का मिळावे? या अडचणीचे निरसन संस्कृतातच सापडते. ‘संधि’ शब्द जोड व फट या दोन्ही अर्थांनी तेथे वापरात होता. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला जे भगदाड पाडतो त्यालाही ‘संधि’च म्हटले आहे. शिवाय भगदाड पाडण्यापूर्वी शर्विलक भिंतीचा असा भाग शोधतो की जो पाणी मुरून सैल झाला आहे. जेथे दोन वस्तू जोडल्या जातात तेथेच त्या उकलतात. आणि उकल पाण्यापासून सुरू होते. गवंड्याला व सुताराला हा अनुभव रोजचा आहे. घर गळू लागले की तो प्रथम सांधे पाहतो. दोन घरांच्या मधली अरुंद जागा ‘सांद’, दारामागची फट ‘सांदी’ आणि दोन कातळांमधली, पाण्याने उकललेली चीर ‘सांदण’, हा अर्थविस्तार मग सहज समजू लागतो.

५. घरगुती वस्तूंची नावे

हे नाव एकटे नाही. साम्रदच्या आसपासची स्थलनामे पाहिली असता त्यांत एक सूत्र आढळते. रतनगडाच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने पाडलेले आरपार छिद्र आहे. त्याचे नाव ‘नेढे’, म्हणजे सुईचे भोक. गडाला लागून असलेला सुळका ‘खुट्टा’. सांदणीच्या खालच्या अंगास दिसणारा दुसरा सुळका ‘बाण’. हरिश्चंद्रगडावर कोकणातून चढणारी अवघड वाट ‘नळीची वाट’. कळसूबाईच्या पायथ्याचे गाव ‘बारी’, म्हणजे खिंडीची लहान वाट. निघोजचे खळगे ‘रांजणा’चे. सुई, खुंटा, बाण, नळी, रांजण आणि सांधा : घरात, अंगणात व हातात जे होते त्याच्याच मापाने डोंगर मोजला गेला आहे.

अशा नामकरणाला ‘कल्पकता’ म्हणून सोडून देणे पुरेसे नाही. वस्तूचे नाव स्थळाला देताना तिच्या आकाराबरोबर तिचे कार्यही नावात येते. नेढ्यातून आरपार जाता येते. नळीतून वर अथवा खालीच जाता येते, बाजूला वळता येत नाही. रांजणात पाणी साठते व त्याच्या गुळगुळीत कडेवरून आत पडलेल्यास बाहेर येणे कठीण होते. सांध्यातून पाणी वाट काढते. वाटसरूला हवी असलेली माहिती नेमकी हीच होय.

‘नळी’च्या संदर्भात एक परकीय उदाहरण लक्षणीय आहे. ‘कॅनियन’ हा शब्द इंग्रजीत स्पॅनिश भाषेतून आला. बहुतेक व्युत्पत्तिकार तो ‘नळी’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून व अंतिमतः ‘वेत, बोरू’ या अर्थाच्या लॅटिन ‘कान्ना’पासून साधतात. मराठी ‘नळ’ व ‘नळी’ यांच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘नल’ अथवा ‘नड’ हाही बोरूच्याच जातीच्या तृणाचा वाचक आहे. परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन समाजांनी पोकळ गवताच्या कांडीवरून नळी आणि नळीवरून खडकातील खोल वाट, हाच क्रम स्वतंत्रपणे आक्रमिला. त्याच प्रकारे फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या ‘गॉर्ज’चा मूळ अर्थ ‘घसा’. मराठी ‘घळ’ हा संस्कृत ‘गल’शी जोडावा असे यावरून सुचते, परंतु आरंभीच्या महाप्राणाचा उलगडा तेवढ्याने होत नाही, तेव्हा ते समीकरण तूर्त बाजूस ठेवणेच बरे. शिवाय ‘घळ’ शब्दाचा अर्थ प्रदेशपरत्वे पालटतो. कोठे तो ओढ्याने कोरलेल्या नाळीसाठी येतो, तर समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ रचिला असे परंपरा ज्या स्थळी मानते त्या शिवथरघळीत तो कड्याच्या पोटातील गुहेसारख्या पोकळीचा वाचक आहे.

६. वाटेचा क्रम

सांदणीतून जाण्याची वाट म्हणजे पाण्याचीच वाट होय. माणसासाठी वेगळी काढलेली वाट तेथे नाही. म्हणून पाणी जेथे जेथे अडते, साठते अथवा उडी घेते तेथे तेथे वाटसरूलाही तेच करावे लागते.

आरंभीच्या टप्प्यात दोन ठिकाणी पाणी साठलेले असते. हिवाळ्यात पहिले गुडघ्या-मांडीपर्यंत येते. दुसरे कमरेच्या वर, क्वचित छातीपर्यंत. उन्हाळा वाढेल तसे दोन्ही ओसरत जातात. ऊन न लागल्यामुळे हे पाणी फार गार असते व तळाचे दगड निसरडे असतात. त्यापुढे धोंड्यांचे राज्य सुरू होते. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर उतरत जाताना तोल सांभाळणे एवढेच काम असते. परंतु ते तास दोन तास सतत करावे लागते. बरेच पाहुणे येथवर येऊन माघारी फिरतात.

पुढे जाणाऱ्यांस कातळटप्पे उतरावे लागतात. त्यांपैकी पहिला मोठा टप्पा सुमारे चाळीस-पन्नास फुटांचा असून तेथे दोराखेरीज उतरणे शक्य नाही. एकदा हा टप्पा उतरून दोर काढून घेतला की आल्या वाटेने परतणे संपते. वाट मग एकाच दिशेची राहते : खाली. लहानमोठे आणखी काही टप्पे उतरल्यावर भिंती दूर होतात, आकाश मोकळे होते आणि रान लागते. त्या रानातून ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेहणे गावी पोहोचता येते. तेथून आसनगावच्या रेल्वे स्थानकाकडे जाता येते, अथवा करोली घाटाने चढून पुन्हा साम्रद गाठता येते.

करोली घाट ही माणसांची व गुरांची वाट. सांदण ही पाण्याची वाट. एकाच कड्यावरून उतरणाऱ्या या दोन वाटांना लोकांनी ‘घाट’ आणि ‘सांदण’ अशी दोन वेगळ्या जातींची नावे दिली, हा भेद अर्थपूर्ण आहे. घाट म्हटला की येणेजाणे, ओझे, बाजार व सोयरीक हे सारे त्यात आले. सांदणीच्या नावात यांपैकी काही नाही. तिच्यातून माणसाने नित्य जावे अशी तिला नाव देणाऱ्यांची कल्पनाच नव्हती.

७. वाळवंटातील तत्सम वाटा

चिंचोळ्या घळी जगात अन्यत्र प्रसिद्ध आहेत त्या मुख्यतः वाळवंटी प्रदेशांत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पेज गावाजवळ ‘अँटिलोप कॅनियन’ आहे. तेथील खडक वाळूचा असल्याने भिंती वळणदार व लाटांसारख्या झाल्या आहेत. सांदणीतील कोनाकोनांचा तुटका कातळ तेथे नाही. ही भूमी नाव्हाहो लोकांची आहे. वरच्या घळीचे त्यांच्या भाषेतील नाव ‘त्से बिघानिलिनी’ असे असून त्याचा अर्थ ‘खडकांमधून जेथे पाणी वाहते ते स्थळ’ असा होतो. इंग्रजी नाव हरणाच्या जातीतील एका प्राण्यावरून पडलेले. त्यात पाण्याचा उल्लेख नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथील खालच्या घळीत एकाएकी लोंढा आला आणि ११ प्रवासी मृत्युमुखी पडले. घळीवर त्या वेळी विशेष पाऊस नव्हता. तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगास पडला होता. कोरड्या, सोनेरी भिंतींमध्ये उभ्या असलेल्या माणसांना पाणी कोठून येणार याची कल्पना येणे कठीण होते. तेथल्या लोकांच्या भाषेत मात्र ती गोष्ट स्थळाच्या नावातच नोंदलेली होती.

जॉर्डनमधील पेट्रा नगरीत शिरण्याची वाटही अशाच, सुमारे १.२ किलोमीटर लांबीच्या ‘सीक’ नावाच्या भेगेतून जाते. नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी तिच्या तोंडाशी बांध घातला होता आणि बोगदा खोदून ओढ्याचे पाणी दुसरीकडे वळविले होते. कालांतराने तो बांध निकामी झाला. एप्रिल १९६३ मध्ये सीकमध्ये आलेल्या पुरात वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले. त्यानंतर जुन्या जागी नवा बांध उभारण्यात आला.

सांदणीची स्थिती या दोहोंहून काहीशी वेगळी आहे. वाळवंटात लोंढा अवचित येतो. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर तो ठरलेलाच असतो. त्या महिन्यांत सांदणीत उतरणे सर्वस्वी वर्ज्य होय. परंतु यामुळे उरलेले आठ महिने निर्धोक ठरत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांतील वळीव एका शिवारात कोसळतो व शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. ऑक्टोबरातील परतीचा पाऊस आणि मधूनच येणारा अवकाळी यांचाही नेम नसतो. सांदणीच्या तळाशी उभा असलेला मनुष्य आकाशाची एक पट्टी तेवढी पाहतो. माथ्यावर ढग जमले आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही. भिंतीवर चढून बाजूला होण्याची सोय नसते, आणि दोराचा टप्पा उतरून झाला असल्यास मागे फिरण्याचीही नसते.

८. ‘दरी’ म्हटल्याने काय घडते

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मराठीत ‘दरी’ म्हणजे दोन डोंगरांच्या मधला खोलगट भाग. तिला काठ असतात, उतार असतात, तळाशी बहुधा रान वा ओढा असतो. दरीत उतरलेला मनुष्य पाणी वाढले तर उतारावर चढू शकतो. ‘व्हॅली’ या इंग्रजी शब्दाच्या मागे तर याहूनही रुंद, वस्तीयोग्य प्रदेशाचे चित्र उभे असते. सांदणीला दरी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात उतारांचे व मोकळ्या आकाशाचे चित्र तयार होते. ‘सावल्यांची दरी’ असे जे नाव हौशी प्रवाशांत प्रचलित आहे त्याने तर लक्ष पूर्णपणे उजेड-अंधाराच्या शोभेकडे वेधले जाते. शोभा खरी आहे. परंतु नावातून सांधा गेला आणि सांध्याबरोबर पाणीही गेले.

भाषेत समानार्थी शब्दांची भर पडणे हे वृद्धीचे लक्षण मानले जाते. येथे घडते ते उलट आहे. ‘सांदण’, ‘नाळ’, ‘घळ’, ‘खिंड’, ‘बारी’ यांपैकी प्रत्येक शब्द एक वेगळी भूमिती व एक वेगळा धोका सांगतो. या सर्वांच्या जागी ‘दरी’ किंवा ‘व्हॅली’ हा एकच शब्द आला म्हणजे पाच गोष्टींचे ज्ञान एका अस्पष्ट कल्पनेत विरून जाते. ‘सांदण’ हे जातिवाचक नाव असल्याचे विस्मरण होऊन ते एका स्थळाचे विशेषनाम बनते, आणि विशेषनामाचा अर्थ कोणी विचारीत नाही. ‘दरी’ हे पुच्छ जोडण्याची गरज भासणे हीच मुळी अर्थ लोपल्याची खूण होय.

दुसऱ्या बाजूने डोंगरयात्रींच्या मराठीने काही चांगले शब्द टिकविले व रुळविले आहेत, हेही सांगितले पाहिजे. ‘कातळटप्पा’, ‘घसारा’, ‘सोंड’, ‘धार’, ‘ढोरवाट’, ‘मळलेली वाट’ हे शब्द त्यांच्या लेखनात सर्रास आढळतात आणि ते नेमके आहेत. ‘रॅपलिंग’ व ‘पॅच’ यांच्या शेजारी ते खुशाल नांदावेत. साम्रदमधील अनेक तरुण वाटाडे म्हणून काम करतात. दोन्ही शब्दसंग्रह त्यांच्या तोंडी आहेत. परंतु पाहुण्यांशी बोलताना पाहुण्यांचेच शब्द पुढे होतात, ही व्यवहाराची रीत आहे.

९. समारोप व पुढील कार्य

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याने बोलींच्या तुलनेसाठी उधळ्या पुत्राच्या बायबलमधील दृष्टान्ताचे भाषांतर आणि एक ठरावीक शब्दसूची यांचा प्रामुख्याने आधार घेतला. व्याकरणाच्या तुलनेस ही पद्धत उपयुक्त ठरली. परंतु त्या दृष्टान्तात ना कडा आहे ना नाळ. डोंगरउताराच्या सूक्ष्म शब्दांना तीत फारशी जागा नव्हती. १९६० च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या पाहणीने वर्णनात्मक अभ्यासाचा पाया घातला. अकोले, जुन्नर, इगतपुरी व शहापूर या लगतच्या तालुक्यांतील भूरूपवाचक शब्दांची तौलनिक सूची करणे हे त्या दिशेचे पुढील पाऊल ठरेल.

असे संकलन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळणे इष्ट आहे. घरात बसून ‘याला काय म्हणता?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘दरी’ असे मिळते, कारण प्रश्नकर्त्याला तो शब्द समजेल असे सांगणाऱ्यास वाटते. वाटेवर चालताना मात्र निराळे प्रश्न विचारता येतात : पाणी येथे कोठून येते, गुरे येथून उतरतात काय, पावसात ही जागा कशी दिसते, अशी दुसरी जागा कोठे आहे? ‘अशी दुसरी जागा’ या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातच जातिवाचक नामे बाहेर येतात. उच्चार टिपताना ‘द’ व ‘ध’, तसेच लिंग यांची नोंद काटेकोरपणे घ्यावी. ‘सांदण’ व ‘सांधण’ यांची सीमा कोठून जाते हे त्याखेरीज ठरणार नाही. शब्द ज्याच्या तोंडचा असेल त्याचे वय व तो वाटाड्याचे काम करतो की नाही हेही नोंदवावे, म्हणजे बदल कोठून सुरू झाला ते दिसेल.

सारांश, सांदण हे नाव ज्यांनी ठेवले त्यांना त्या भेगेचा स्वभाव पुरता माहीत होता. दोन कातळांचा सांधा, त्यात शिरणारे पाणी आणि पाण्यासाठीच असलेली वाट ही तिन्ही तत्त्वे त्या तीन अक्षरांत आली आहेत. त्या नावाचा अर्थ ध्यानी ठेवून जो तिच्या तोंडाशी जाईल तो आत उतरण्यापूर्वी थांबेल, मागे वळून माथ्यावरचे आकाश पाहील, आणि गावातील जाणत्या माणसाला पावसाचे विचारील.